सासऱ्यांचं गाणं मला सहन होत नाही, माझं त्यांना

प्रिय ताई,

मी सटाण्याकडची. लग्नाला सहा वर्षं झाली. नाशिकरोडला जेलरोडवर टू बीएचकेमध्ये राहतो. मी, हे, आमची चार वर्षांची मुलगी आणि सासरे. अण्णा प्रेसमधून रिटायर झालेत, त्यांना शास्त्रीय संगीताचं फार वेड. पहाटे साडेपाचला हॉलमधला स्पीकर सुरू होतो. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर. मी त्याच वेळी ओट्याशी डबे करत असते, सातला माझी सातपूरच्या कंपनीची बस. खरं सांगते, मला ते सहन होत नाही. एकच ओळ अर्धा तास! वरच्या पट्टीतली तान सुरू झाली की दात शिवशिवतात, हातातलं लाटणं आपटावंसं वाटतं. गेल्या दोनेक वर्षांत तर आवाज इतका वाढलाय की बाथरूमचं दार लावलं तरी ऐकू येतो. संध्याकाळी पोळ्या करताना मी मोबाइलवर आमच्याकडची अहिराणी गाणी लावते, तर अण्णा म्हणतात, 'हा गावठी धांगडधिंगा बंद कर, डोकं फिरतं माझं.' दिवाळी पाडव्याला पहाटेच्या मैफलीला मला घेऊन गेले आणि चार ओळखीच्या लोकांसमोर विचारलं, 'काय सूनबाई, आत्ता कुठला राग झाला?' मी गप्प. सगळे हसले. परवा मुलगी माझं गाणं गुणगुणत होती, तर तिला म्हणाले, 'शी, असली गाणी नाही म्हणायची.' हे म्हणतात, दुर्लक्ष कर. माझ्या कानात काही दोष आहे का? का मी खरंच अडाणी आहे? हे गाणं मला आवडायला लागेल असं काही करता येईल का?

– एक वाचक, नाशिकरोड

प्रिय मैत्रिणी,

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. मला तुझ्या कानात दोष दिसत नाही आणि तू अडाणी नाहीस.

संगीताचा आनंदच न होणारी माणसं जगात असतात. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ साली अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सूर ओळखता येत होते, गाणं आनंदी की दुःखी हे कळत होतं, पैसे जिंकल्यावर इतरांसारखाच हर्ष होत होता. फक्त गाणं ऐकून आत काही हलत नव्हतं. तू त्यांच्यातली नाहीस. दिवसभर कंपनीत उभी राहून आलेली बाई पोळ्या लाटताना मुद्दाम गाणं लावते, ती संगीतावाचून राहू न शकणारी बाई असते. कुणी जेवताना मचमच केली, पेनाची टिकटिक केली तरी तुला असाच संताप येतो का, किंवा भांडं पडल्यावर कानात कळ येते का, एवढं मात्र बघ. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. तसं नसेल तर हा विषय इथेच सोडून दे.

आता ते 'एकच ओळ अर्धा तास'. तुझी तक्रार खरी आहे आणि तिला कारण आहे. अण्णा ऐकतात तो ख्याल विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असेल तर बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पूर्ण व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागतं. अण्णांच्या मनात तबल्याचा ठेका चालू असतो. गायक कुठे फिरतोय, समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतोय, याची ते वाट बघत असतात आणि तो नेमका आला की त्यांची मान हलते. तुला ती सम कुणी दाखवलेली नाही. त्यामुळे तुझ्या कानाला फक्त लांबत जाणारा आवाज पोचतो. तू ज्या गाण्यांवर वाढलीस त्यांचा ठेका काही सेकंदांत फिरून येतो, शब्द स्वच्छ असतात आणि पाय आपोआप हलतो. तो कान घेऊन आलाप ऐकायला बसलं की अर्ध्या मिनिटात माणूस कासावीस होतो.

आणि गंमत बघ, अण्णांना विचारलंस तर तुझ्या गाण्यांबद्दल तेही हेच सांगतील. 'एकच ठोका, तेच तेच!' शास्त्रीयवाल्यांना डीजेचं गाणं एकसुरी वाटतं, डीजेवाल्यांना ख्याल एकसुरी वाटतो, दोघांनाही कीर्तन लांबलेलं वाटतं आणि कीर्तनाला बसणाऱ्यांना मुलांचं रॅप म्हणजे नुसती बडबड वाटते. ज्या संगीतातले बारकावे कुठे असतात हे आपल्याला ठाऊक नसतं, ते सगळं एकसारखंच ऐकू येतं. अण्णांच्या गाण्यातला बदल सुरांच्या लावण्यात असतो. तुझ्या गाण्यातला तो बोलीत असतो, टोमण्यात असतो, संबळ कुठे थांबतो आणि पिपाणी कुठे घुसते यात असतो. त्यांना ते दिसत नाही, तुला हे दिसत नाही.

कानाला काय गोड लागावं हेही आपण जन्मतः घेऊन येत नाही. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात, पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा संबंध फारसा आलेला नव्हता. ज्या स्वरजोड्या अमेरिकेतल्या श्रोत्यांना खटकतात त्या या लोकांना गोड जोड्यांइतक्याच बऱ्या वाटल्या, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा 'संस्कारी कान' आणि 'गावठी कान' अशी वाटणी कुणी तुझ्यासमोर केली तर ती मानू नकोस.

इथवर आवडीनिवडीचं झालं. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे: 'गेल्या दोनेक वर्षांत आवाज इतका वाढलाय.' हे तू ओघात लिहिलंस. मी तिथेच थांबले.

अण्णांचे कान एकदा तपासून घ्या.

वय वाढतं तसा ऐकण्याचा वरचा भाग आधी जातो. खर्ज, तबल्याचा डग्गा, गाडीचा आवाज नीट ऐकू येतो, पण स, श, त असली व्यंजनं, तंबोऱ्याचा झंकार, तानेतली धार हे सगळं पुसट होतं. माणसाला वाटतं, रेकॉर्डिंगच दबकं आहे. मग तो आवाज वाढवतो, सेटिंगमध्ये ट्रेबल वाढवतो. आता हे तुझ्या बाजूने बघ. माणसाचा तरुण कान साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज, फळ्यावर खडू किंचाळतो तो आवाज, अंगावर काटा आणणारे बहुतेक आवाज याच पट्ट्यातले. अण्णांना जे ऐकू येत नाही म्हणून ते वाढवतात, तेच नेमकं तुझ्या दातांत जातं. तुला त्रास देणारी गोष्ट किशोरीताईंची तान नसून त्या स्पीकरमधून फाटून येणारी तान आहे, असा माझा दाट संशय आहे.

याची दुसरी बाजूही आहे. उतारवयातल्या या बहिरेपणात बऱ्याचदा असं होतं की हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज जरा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. मधली मोकळी जागाच कमी होते. मोबाइलचा स्पीकर एवढासा, त्यातून संबळाचा घुमारा येतच नाही, फक्त पिपाणी आणि टाळ्या कर्कश बाहेर पडतात. 'डोकं फिरतं' असं अण्णा म्हणतात तेव्हा ते त्यांना शब्दशः होत असेल. ते टीव्ही मोठा लावतात का? फोनवर 'काय? काय?' करतात का? नातीचं बोलणं पुन्हा विचारतात का? यातल्या दोन गोष्टी 'हो' असतील तर ऑडिओमेट्री करून घ्याच. साधी तपासणी आहे, दुखत-खुपत नाही. आणि ज्या माणसाचं आयुष्य गाण्यावर आहे, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे गं. त्यांचं गाणं त्यांच्या हातातून निसटत चाललं असेल आणि घरात कुणाला पत्ता नसेल.

अण्णांच्या रागामागे डीजेही असणार, असं मला वाटतं. त्यांनी अहिराणी गाणं ऐकलं असेल ते बहुधा वरातीच्या गाडीवरच. सोसायटीच्या खालून मिरवणूक जाते, काचा थरथरतात, छातीत धडधडतं. खालच्या पट्टीतला ठोका भिंती आणि बंद खिडक्या जुमानत नाही. गाण्याचे शब्द बाहेर राहतात आणि नुसता धबधब आत येतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो, ५५ चे ८५ झाले की आवाजाची ऊर्जा हजारपट होते. रात्रीबेरात्री असा आवाज लावणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तो त्रासच आहे, मग गाणं कुठलंही असो. पण त्या गाडीचा राग तुझ्या ओट्यावरच्या मोबाइलवर काढणं बरोबर नाही. आणि त्याच नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. साडेपाच त्यात बसतात. हे अण्णांना तोंडावर सुनावू नकोस. पण पहाटे आवाज नको वाटणं हा आपला नखरा आहे, असं निदान तू तरी स्वतःला सांगू नकोस.

आता एक प्रयोग सांगते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो केला. लोकांना खोलीत बसवून अधूनमधून, केव्हाही, कर्कश आवाज ऐकवला. काहींच्या खुर्चीजवळ एक बटण होतं. त्यांना सांगितलं होतं की अगदीच सहन झालं नाही तर हे दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तेवढाच आवाज ऐकला. नंतर सगळ्यांना कोडी सोडवायला आणि मजकुरातल्या चुका शोधायला दिल्या. बटण जवळ असलेल्यांनी चिकाटी जास्त दाखवली, चुका कमी केल्या. आवाज तोच, फरक होता तो 'मी थांबवू शकतो' एवढ्याचा.

तुझ्या स्वयंपाकघरात ते बटण नाही. सहा वर्षं नाही. तुला सहन होत नाही ते माझ्या मते मुख्यतः हे आहे. तेच गाणं रविवारी दुपारी, तू स्वतः, हळू आवाजात लावलंस तर कदाचित नावडेल, पण लाटणं आपटावंसं वाटणार नाही. म्हणून अण्णांची आवड बदलायच्या किंवा तुझी आवड बदलायच्या मागे लागू नकोस. ते बटण माग.

कसं मागायचं? सकाळी नाही. घाईत बोललेलं भांडण होतं. संध्याकाळच्या चहाला, आणि आधी नवऱ्याने बोलायचं. हे त्यांच्या वडिलांशी बोलणं आहे, ते सुनेच्या गळ्यात टाकून 'दुर्लक्ष कर' म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. ते स्वतः त्या वेळी झोपलेले असतात का, हे तू लिहिलं नाहीस. असतील तर एक आठवडा त्यांनी साडेपाचला उठून डबे करावेत, मग बोलावं. त्यांनी विषय काढल्यावर तू एवढंच म्हण: 'अण्णा, सकाळचा तो दीड तास माझी फार धावपळ असते. आवाज मोठा असला की माझं डोकं दुखतं, हातून मीठ-तिखट चुकतं. मी सातला निघाले की तुम्ही हवं तेवढं लावा. तोवर जरा हळू लावाल का?' 'तुमचं गाणं' हा शब्दच काढू नकोस. आवाज आणि वेळ, या दोनच गोष्टींवर बोल.

त्याआधी एक सोपं काम घरातल्या घरात होईल. स्पीकर कुठे ठेवलाय बघ. टीव्हीच्या शेजारी, म्हणजे स्वयंपाकघराच्या तोंडाशी असेल तर तो उचलून अण्णांच्या खुर्चीजवळ ठेवा, तोंड खिडकीकडे. कानाजवळ आला की निम्म्या आवाजात भागतं. ट्रेबलची सेटिंगही बघ. हेडफोनचं मात्र कानांच्या तपासणीनंतरच ठरवा. ऐकू कमी येणारा माणूस हेडफोन फार मोठा लावतो आणि उरलेलंही घालवून बसतो. तुझ्यासाठीही मोबाइलऐवजी एक छोटा बरा स्पीकर घे. संबळाचा खालचा आवाज त्यातून नीट येऊ दे. तेच गाणं अण्णांना कमी बोचेल आणि तुलाही जास्त आवडेल.

आता तो पाडव्याचा प्रसंग. चार लोकांसमोर परीक्षा घेणं ही थट्टा नव्हे. त्याचं तुला अजून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. ज्या गाण्यासोबत अपमान मिळतो ते गाणं कानाला कसं गोड लागेल? पुढच्या वेळी कुणी राग विचारला तर मान खाली घालू नकोस. 'नाव मला येत नाही अण्णा, तुम्ही सांगा' असं सरळ म्हण. त्यांनाही ते सांगायचंच असतं.

अमुक गाणं हलकं, तमुक गाणं भारी, असे निवाडे देणारे मोठेमोठे लोक होऊन गेले आणि त्यांचे निवाडे टिकले नाहीत. आज बहुतेक मैफलींत गायकाच्या बाजूला असणारी पेटी, म्हणजे हार्मोनियम, आकाशवाणीने १९४० मध्ये बाहेर काढली होती. आपल्या संगीताला ती शोभत नाही म्हणून ती जवळपास तीस वर्षं बाहेर राहिली. आपले मराठी बाळकृष्ण केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी खपत नसत. आकाशवाणीवरून ती जवळपास गायब झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आज त्याच जुन्या सिनेगीतांना म्हातारी माणसं 'तेव्हा काय गाणी होती!' म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांपासून पंचविशीपर्यंत जे ऐकलं ते जन्मभर चिकटतं, असं संशोधनही सांगतं. अण्णांचं तेच झालंय, तुझंही तेच झालंय.

अण्णा कुमारजी ऐकतात हे वाचून मला फार बरं वाटलं. ते ज्या गायकासाठी पहाटे उठतात तो गायक १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी पडून माळव्यातल्या देवासला गेला. गाणं बंद, वर्षानुवर्षं अंथरूण. त्या काळात त्याच्या कानावर पडत राहिली ती माळव्यातल्या साध्या माणसांची गाणी. बायका-बापड्यांची, सणवाराची, रस्त्याने जाणाऱ्यांची. त्याने ती 'गावठी' म्हणून सोडली नाहीत. त्यांची टिपणं ठेवली, त्या धुनांमधून नवे राग बांधले, मैफलीत मांडले. हे अण्णांना माहीत असणार, माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांनाच विचार, 'अण्णा, कुमारजींनी लोकगीतांवरून राग बांधले म्हणतात, ते कसं?' त्यांना बोलू दे. मग तुझ्या आजीच्या तोंडची एखादी लग्नातली किंवा जात्यावरची ओवी मोबाइल न लावता स्वतः म्हणून दाखव. स्पीकर नाही, ठोका नाही. त्यांच्या कानाला त्यात काय सापडतं ते बघू दे. नाशिककर म्हणून त्यांना गायक विष्णु दिगंबर पलुस्करही परके नसतील. उतारवयात पलुस्करांनी नाशिकमध्येच आश्रम काढला होता. संगीत दरबारातून काढून सामान्य माणसाच्या घरात नेण्यासाठी ते आयुष्यभर झिजले. त्या सामान्य घरात सटाण्याची सूनही येते.

तिसरा प्रश्न, आवडायला लागेल का. आवडायलाच हवं असं कुठलंही बंधन तुझ्यावर नाही. 'ऐकून ऐकून आवडेल' हे निम्मंच खरं आहे. ज्याबद्दल मनात काही नसतं ते पुन्हापुन्हा ऐकून आवडायला लागतं, पण ज्याची आधीच चीड आहे ते लादलं की चीड वाढू शकते. सहा वर्षांच्या पहाटेंनी तुझं तेच केलंय. तुला स्वतःला उत्सुकता वाटली तर पहाटेचा मोठा आवाज बंद झाल्यावर दोन-तीन महिने जाऊ देत. मग तुझ्या सवडीने, ख्यालापासून नको, भीमसेनजींच्या अभंगापासून सुरू कर. शब्द ओळखीचे असतात, ठेका घरचा असतो. त्यानंतर द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातली एखादी छोटी बंदिश किंवा तराणा घे आणि सम कुठे पडते ती टाळी अण्णांकडून शिकून घे. टाळी सापडली की गाण्याला हातपाय फुटतात. नाही आवडलं तर नाही आवडलं, बंद करून टाक.

आणि अण्णा ऐकलेच नाहीत तर? नवऱ्याने बोलूनही साडेपाचचा आवाज तसाच राहिला, तर स्वयंपाकघराला दार बसवून घ्या, सरकतं चालेल. आणि एका कानात इअरफोन घालून तू तुझी गाणी लाव, दुसरा कान कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा ठेव. याबद्दल कुणाची परवानगी मागू नकोस. पहाटेच्या बाबतीत एवढी तडजोड मला चालेल.

मुलीच्या बाबतीत नाही. तिला 'शी' म्हटलेलं तू ऐकून घ्यायचं नाहीस, त्याच दिवशी, तिच्यासमोर, आवाज न चढवता बोलायचं: 'अण्णा, ही तिच्या आजोळची गाणी आहेत. ती म्हणेल.' तिला अण्णांच्या मांडीवर बसून भूपाळी ऐकू दे आणि तुझ्या कुशीत अहिराणी ऐकू दे. रात्री झोपवताना तू तिला कुठलं गाणं म्हणतेस, ते पुढच्या पत्रात मला लिहून पाठव.

– तुझी ताई